उत्सर्ग आणि संकेतस्थळ

मुळशी तालुक्यातले सूस हे गाव 30 जून 2021 रोजी आणखी 22 गावांबरोबर पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. खिंडीच्या अलीकडे पाषाण, पलीकडे सूस, आणि थोडे पुढे हिंजवडी. त्यामुळे गावठाणाभोवती ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांत संगणकावर पोट असणारी माणसे मोठ्या संख्येने राहतात. अशा वस्तीत स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ असणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. कोणी गडकोटांची छायाचित्रे आणि वाटांची माहिती लावून ठेवतो, कोणी ज्ञानेश्वरीवरचे चिंतन लिहिते, कोणी निवृत्तीनंतर आयुष्यभराच्या अभ्यासाची टिपणे तिथे मांडतो. हे कोणी मागितलेले नसते आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत. चार-पाच वर्षांनी मालकाला ते जुनाट वाटू लागते आणि नव्या मांडणीचा बेत ठरतो. रंग कोणता, फॉन्ट कोणता, पहिल्या पानावरचा फोटो केवढा, याची भरपूर चर्चा होते. न दिसणाऱ्या, कमी दिसणाऱ्या, हात थरथरणाऱ्या किंवा जुन्या मोबाइलवर तुटक नेटवर्कात वाचणाऱ्या माणसाला हे पान घेता येईल का, हा प्रश्न आलाच तर शेवटी येतो आणि ‘जमलं तर बघू’च्या यादीत जाऊन बसतो. माझ्या मते त्याची जागा पहिली आहे, कारण तो आवडीनिवडीचा प्रश्न नसून धर्माचा आहे. धर्म हा शब्द मी कर्तव्य या जुन्या अर्थाने वापरतो आहे. जे आपण सर्वांसाठी म्हणून मांडले, ते सर्वांना घेता येईल अशा रूपात ठेवणे हा देण्याचाच भाग आहे. देऊन झाल्यावर सवडीने करायचा उपकार असे त्याला म्हणता येत नाही.

कायद्याने हा प्रश्न निकालात काढला असता तर धर्मचिंतनाचे कारण उरले नसते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी कार्यालयांवर आणि सेवा देणाऱ्या संस्थांवर सुगम्यतेची जबाबदारी टाकली. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. पुढे 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हे जगण्याच्या हक्काशी, म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमाशी जोडले गेले. बँका, विमा कंपन्या, सरकारी पोर्टले यांना यातून सुटका नाही. पण एका माणसाने हौसेने चालवलेल्या पानावर कोणी निरीक्षक येणार नाही, नोटीस लागणार नाही, दंड होणार नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंगत्व असलेल्या व्यक्ती 29 लाखांहून अधिक मोजल्या गेल्या. त्यांपैकी एकही त्या पानाबद्दल तक्रार करायला जाणार नाही. कोणी पाहत नसताना, कोणी विचारणार नसताना काय करावे, हा जिथे प्रश्न असतो तिथेच धर्माचा विचार सुरू होतो.

धर्मशास्त्राने देण्याचे दोन प्रकार वेगळे ठेवले आहेत, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात हा भेद नीट उलगडला आहे. दानात आपण वस्तूवरचे स्वामित्व सोडतो आणि ते एका ठरावीक व्यक्तीच्या ठायी निर्माण करतो. त्या व्यक्तीने स्वीकारल्याशिवाय दान पुरे होत नाही. विहीर, तळे, बाग यांच्या बाबतीत घेणारा असा कोणी एक समोर नसतो. तिथे उत्सर्ग होतो. मालक आपली मालकी सोडतो आणि ते पाणी सगळ्यांसाठी मोकळे करतो. ‘सगळे’ यात तो स्वतःही येतो, म्हणून उत्सर्ग केलेल्या तळ्याचे पाणी पूर्वीच्या मालकालाही पिता येते. मात्र मालक म्हणून त्याला ते पिता येत नाही, अनेकांतला एक म्हणून पिता येते. वैयक्तिक संकेतस्थळ हे या दुसऱ्या प्रकारात बसते असे मला वाटते. मित्राला पाठवलेले पत्र हे दान, कुलूप लावलेली रोजनिशी हे निव्वळ स्वामित्व, आणि जगातल्या कोणालाही उघडता येईल अशा पत्त्यावर ठेवलेला लेख हा उत्सर्ग. त्या लेखाचे श्रेय लेखकाचेच राहते, त्यावर त्याचे नाव असते, त्यात बदल करायचा हक्कही त्याचाच. पण तो कोणी वाचावा याची निवड त्याने प्रकाशित करण्याच्या क्षणी स्वतः होऊन सोडलेली असते. ‘माझे पान आहे, मी हवे तसे ठेवीन’ हा आक्षेप इथे अपुरा पडतो. हवे तसे ठेवण्याचा हक्क कोणी काढून घेत नाही. प्रश्न एवढाच की सर्वांसाठी सोडले असे जाहीर करून पायऱ्या मात्र निवडक लोकांनाच उतरता येतील अशा बांधल्या, तर उत्सर्ग झाला असे म्हणायचे का? आणि मालक स्वतः अनेकांतला एक असतो, ही गोष्टही हलकी नाही. आज चाळिशीत फिकट करड्या अक्षरांची हौस असलेला माणूस सत्तरीत आपलेच पान वाचायला बसेल, तेव्हा त्याला अनेकांतला एक असणे म्हणजे काय हे डोळ्यांनीच कळेल.

कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, ही अवस्था महाराष्ट्राला नवी नाही. सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला. तरी अस्पृश्यांपैकी कोणी पाण्यापर्यंत जाऊ शकत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, त्यानंतर मारहाण झाली, खटला चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल उजाडले. इथे एक आक्षेप रास्त आहे. त्या बहिष्कारात माणसाला माणूस न मानण्याचा हेतू होता, आणि संकेतस्थळाच्या मालकाच्या मनात तसे काहीच नसते. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणे हा महाडच्या सत्याग्रहाचा अपमान ठरेल, आणि मला तसे मोजायचे नाही. मला त्या इतिहासातून एकच पुरावा घ्यायचा आहे: ‘खुले आहे’ ही घोषणा आणि पाणी ओंजळीत येणे यांच्यात अंतर असते, आणि ते अंतर घोषणा करणाऱ्याला दिसत नाही, तहानलेल्यालाच दिसते. याच्याही आधी, 1868 साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा केला. तो नगरपालिकेचा हौद नव्हता, त्याबद्दल कोणता ठराव नव्हता, कोणी सक्ती केलेली नव्हती. खासगी मालकीच्या जागी एका माणसाने स्वतःवर घालून घेतलेले कर्तव्य असे त्याचे स्वरूप होते. खासगी आहे म्हणून जबाबदारी नाही, हे म्हणणे तेव्हापासून तरी पुण्याच्या परिसरात सहज करता येऊ नये.

हेतू नसताना दार कसे बंद होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठीतच आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जायला हवे. महानुभाव पंथाने तेराव्या शतकात धर्मग्रंथांची भाषा म्हणून मराठीचा आग्रह धरला. केशोबास हे संस्कृतात लिहिणारे पंडित होते. त्यांना पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी संस्कृतापासून अडवले, कारण त्यामुळे पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायकांना ज्ञान मिळणार नाही, अशी नोंद पंथाच्याच ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे. वाचणारी व्यक्ती कोण आहे हे डोळ्यांपुढे आणून लेखनाचे रूप ठरवणे, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही. म्हातारीला शहाणे करून मग संस्कृत शिकवा, असे नागदेवाचार्य म्हणाले नाहीत. बदलायचे ते ग्रंथाने, असा त्यांचा निर्णय होता. पुढे चौदाव्या शतकात त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह, अशी ही रचना. ग्रंथ अपात्र हातांत पडू नयेत, त्यांची विटंबना होऊ नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा झाला की भाषा मराठी, मजकूर मराठी, आणि तरी मराठी माणसाला ते पुस्तक म्हणजे न उघडणारी पेटी झाली. शतकानुशतके बाहेरच्यांना पंथाविषयी काही धड कळले नाही, गैरसमज मात्र साठत गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी या लिपीची किल्ली लोकांपुढे आणली, आणि मगच ‘लीळाचरित्रा’सारखे गद्य मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आपल्या जागी येऊन बसले.

आता संगणकावरची मराठी पाहा. 1990 च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी संकेतस्थळे जे फॉन्ट वापरत, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरी आकार बसवलेले असत. कृतिदेव फॉन्टमध्ये पडद्यावर ‘मराठी’ असे दिसते, तेव्हा संगणकाच्या स्मृतीत इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढी पाच अक्षरे साठवलेली असतात. डोळ्यांना मराठी, यंत्राला निरर्थक इंग्रजी. आंधळ्या वाचकासाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर स्मृतीतले वाचतो, आकार वाचत नाही. त्यामुळे त्या पानावरचा लेख कितीही सुंदर असो, त्याला ऐकू येते ती अर्थहीन इंग्रजी अक्षरांची सरमिसळ. सकळ लिपीची रचनाही अशीच होती, अक्षराच्या जागी अक्षर. फरक हा की महानुभावांनी ती जाणूनबुजून लावली होती आणि आपल्या लेखकांनी नकळत. हे सगळे घडत होते ते देवनागरीचे प्रमाण संकेत पुण्यातच घडत असताना. 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे मोठे काम केले, 1991 साली इस्की हे भारतीय मानक आले, आणि युनिकोडमधला देवनागरीचा विभाग इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरच बेतलेला आहे. सी-डॅकचे आवार आज पाषाणच्या पंचवटीत आहे, सूसहून घाट ओलांडावा लागत नाही, एक खिंड उतरली की झाले. तरी युनिकोड नीट दाखवणारी संगणक प्रणाली घराघरांत येईपर्यंत, आणि आल्यावरही सवयीने, लोक जुन्या फॉन्टांतच लिहीत राहिले. कितीतरी दिवाळी अंकांच्या पीडीएफ प्रती आजही तशाच आहेत. त्यांतला एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की ती पाच अक्षरे उघडी पडतात.

ज्याच्या जुन्या पानावर असा मजकूर असेल, त्याने नव्या मांडणीत सर्वांत आधी तो युनिकोडमध्ये आणावा. रंगांचे नंतर बघता येईल. आणि जुने फॉन्ट गेले म्हणून हा प्रश्न मिटला असेही समजू नये, कारण त्याची जागा आता चित्रांनी घेतली आहे. पूर्ण कविता, पूर्ण निवेदन, पूर्ण प्रवचनाचा सारांश सुबक रंगीत चित्र करून लावायचा प्रघात पडला आहे. त्या चित्रात यंत्रासाठी एक अक्षरही नसते.

यावर परंपरेतूनच एक गंभीर आक्षेप येतो, तो अधिकाराचा. ज्ञान सर्वांसाठी असते असे परंपरेने सरसकट कधी म्हटलेले नाही, वेदान्ताच्या प्रत्येक ग्रंथाच्या दारात ‘अधिकारी कोण’ हा प्रश्न उभा असतो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात तर यज्ञाचा अधिकार कोणाला, याची सविस्तर चर्चा आहे. तिथे निर्धन माणसाचा अधिकार मान्य केला आहे, कारण धन मिळवता येते. अंगहीनाचाही मान्य आहे, पण दोष बरा होणारा असेल तरच. जन्मजात, न जाणाऱ्या दोषाला दार बंद आहे. कारण विधीतच सापडते: यज्ञात तुपाकडे पाहण्याची क्रिया आहे, ती आंधळा करू शकत नाही. वारसाहक्काच्या शास्त्रातही आंधळ्या-बहिऱ्यांना वाटा न देता पोसले जाण्याचाच अधिकार दिलेला होता, आणि तो दोष काढायला 1928 साली वेगळा कायदा करावा लागला. हे झाकून परंपरा उदार होती असे म्हणणे खोटे ठरेल. पण मीमांसेच्या या युक्तिवादाकडे नीट पाहिले की त्याचा कच्चा दुवा दिसतो. तूप पाहणे हे त्या यज्ञाचे एक अंग आहे. माणसाला फळाची इच्छा आहे, मंत्र येतात, श्रद्धा आहे, आणि एका अंगापायी सगळे कर्म त्याच्या हातून काढून घेतले जाते. दोष डोळ्यात आहे की विधीच्या रचनेत, हा प्रश्न तिथे विचारला गेला नाही. आणि हीच मीमांसा नित्यकर्मांच्या बाबतीत उलट सांगते. जे रोज करायचेच आहे ते यथाशक्ती करावे, एखादे गौण अंग राहिले म्हणून मुख्य कर्म बुडत नाही. मुख्य आणि गौण यांचा हा विवेक मला मीमांसेची सर्वांत मोलाची देणगी वाटते. आपल्या प्रश्नात तो तिच्याच जुन्या निष्कर्षाविरुद्ध वापरता येतो.

अधिकाराच्या आक्षेपाला दुसरे उत्तर विदर्भातून मिळते. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज यांचा जन्म 1881 साली झाला, दृष्टी तान्हेपणीच गेली आणि 1915 साली पुण्यात त्यांचा देह पडला. अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. दर्शने, भक्तिशास्त्र, पाश्चात्त्य विचार, संगीत, आयुर्वेद असा त्यांचा पल्ला होता. जिज्ञासा, बुद्धी, वैराग्य या कोणत्याही कसोटीवर त्यांचा अधिकार नाकारता येत नाही. पण प्रत्येक पुस्तक त्यांना दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागे. म्हणजे ज्ञान आणि ज्ञानी यांच्यामध्ये अडसर होता तो छापील पानाचा, आणि तो दूर होई तो वाचून दाखवणाऱ्याच्या सवडीने आणि मर्जीने. ते महाराज होते, त्यांच्याभोवती वाचून दाखवणारे शिष्य होते. ज्याच्याभोवती कोणी नव्हते, अशा किती बुद्धिमान मुलांचे काय झाले असेल याची नोंद कुठे असणार? 2006 साली मायकेल करन या आंधळ्या ऑस्ट्रेलियन तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. तो फुकट मिळतो आणि त्याच्या आवाजांत मराठीही आहे. गुलाबराव महाराजांना ज्याची वाट पाहावी लागे तो वाचून दाखवणारा आज कोणाच्याही संगणकात बसू शकतो, रात्री दोन वाजताही. आपल्या पानावर येऊन तो मुका होत असेल, तर अडसर वाचकाच्या डोळ्यांत शोधायचे कारण उरत नाही.

मुख्य आणि गौण हा विवेक पानावर लावला की काय दिसते? अर्थ मुख्य, सजावट अंग. अंगाने मुख्याला आधार द्यावा, आडवे येऊ नये. मराठी पानांवर ती आडवी येते ती बहुधा इंग्रजीसाठी घडलेले साचे जसेच्या तसे उचलल्यामुळे. अक्षरांत मोकळी जागा सोडण्याची फॅशन रोमन लिपीला शोभते, देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. रोमनच्या मापाने ठेवलेल्या ओळी देवनागरीत एकमेकींना भिडतात, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. पांढऱ्यावर फिकट करड्या, बारीक अक्षरांत अनुस्वार आणि रफार आधी दिसेनासे होतात, आणि मराठीत अनुस्वार गेला की वाक्याचा अर्थही हलतो. जागतिक निकषांनी साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान 4.5 ला 1 हे गुणोत्तर सांगितले आहे, ते अशा वाचकांचा विचार करूनच. मग जे डोळ्यांना दिसतच नाही ते. पानाच्या मुळात भाषा कोणती याची एक खूण असते. तयार साच्यात ती इंग्रजी असते आणि मराठी लेखक ती बदलत नाही, मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाकडे वळतो आणि देवनागरी गाळतो किंवा भलतीच उच्चारतो. मथळा नुसता ठळक अक्षरांत लिहिला, त्याला मथळ्याची खूण दिली नाही, तर एच ही कळ दाबून मथळ्यांवरून उड्या मारत जाणाऱ्या आंधळ्या वाचकाला तो लेख सपाट लागतो, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकण्यावाचून गत्यंतर नसते. दुव्यांची यादी त्याने मागितली तर ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’ एवढेच ऐकू येते. कशासाठी क्लिक करायचे, ते वाक्यात होते आणि वाक्य त्या यादीत येत नाही.

एकट्या माणसाला हे सगळे कसे जमावे, हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. नोकरी, प्रवास, घर सांभाळून रात्री तासभर मिळतो, त्यात लेख लिहायचा की निकषांची शेकडो पाने वाचायची? यथाशक्तीचे तत्त्व इथे उपयोगी पडते, दोन्ही बाजूंनी. एक तर सगळे जमत नाही म्हणून काहीच न करणे ही पळवाट ते बंद करते. संध्येचे एखादे अंग राहिले म्हणून संध्या सोडायची नसते. दुसरे म्हणजे शक्तीबाहेरचे न केल्याचा दोष ते लावत नाही. एकट्याने चालवलेल्या पानाकडून प्रत्येक चित्रफितीला सांकेतिक भाषेतला दुभाषा मागणे अन्यायाचे होईल. पण वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक गोष्टींत काही नवे करायचे नसते, करत होतो ते थांबवायचे असते. साधा मजकूर, खरे मथळे, नीट नावे दिलेले दुवे असलेले पान मुळातच सुगम असते. दुर्गम करण्यासाठीच कष्ट पडतात. सरकता पट्टा, आपोआप वाजणारे संगीत, माऊस नेल्याशिवाय न उघडणारी यादी हे सारे कोणीतरी मुद्दाम लावलेले असते, ते काढले तर पान हलके होते आणि डोंगरात जेमतेम नेटवर्क असलेल्या मोबाइलवरही उघडते.

आणखी एक आक्षेप अध्यात्माच्या भाषेत येतो म्हणून फसवा आहे. मी लिहितो ते निष्काम भावाने, कोण वाचते याची मी पर्वा करत नाही, तेव्हा वाचकासाठी इतका खटाटोप करणे हीच आसक्ती झाली, असे कोणी म्हणेल. लोकमान्यांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्या लोकसंग्रहावर, म्हणजे लोकांच्या हितासाठी कर्म करण्यावर, भर दिला, तो ध्यानात घेतला तर हा युक्तिवाद टिकत नाही. फलत्याग म्हणजे कर्माच्या फळावरचा हक्क सोडणे. संकेतस्थळाच्या बाबतीत फळ म्हणजे भेटींचा आकडा, शाबासकी, नाव. ते सोडावे, आणि खरे सांगायचे तर मालकाचे लक्ष तिथेच असते. पण लिहिलेले वाचकाला कळेल अशा रीतीने मांडणे हे फळ नव्हे, ते कर्माचेच अंग आहे. वैद्याने गुण येईल का याची आसक्ती ठेवू नये, याचा अर्थ त्याने औषध कोणाला गिळता येईल हे पाहू नये असा होत नाही. उलट भेटींच्या आकड्याचा मोह सुटला की आंधळा वाचक मोजदादीत कुठेच दिसत नाही ही अडचण उरत नाही. एकाच माणसासाठी काम करायला निष्काम माणूसच मोकळा असतो.

आता सौंदर्याचा मुद्दा. सुगम करायला जावे तर पान सरकारी फलकासारखे रुक्ष होईल, ही भीती खोटी नाही, तशी पाने आहेत. पण मराठीतला सर्वांत अलंकृत धर्मग्रंथ 1290 साली नेवाशात सांगितला गेला तो ऐकणाऱ्यांपुढे. ज्ञानेश्वरीतले दृष्टान्त, उपमा, श्रोत्यांशी केलेली लडिवाळ सलगी हे सारे कानावाटे पोहोचावे म्हणून रचलेले आहे. कीर्तनात आजही निरक्षर वारकरी त्याचे सौंदर्य पूर्ण घेतो. नुसते कानावर येणारे सौंदर्य गरीब असते, ही समजूत मुद्रणाच्या सवयीतून आलेली आहे, वारकऱ्यांना ती कधी पटली नसती. म्हणून मी उलट कसोटी सुचवीन: आपले पान डोळे मिटून एकदा स्क्रीन रीडरकडून ऐकावे. त्यात जे सुंदर उरते ते लेखनाचे सौंदर्य, आणि जे हरवते त्यातले किती आपण सजावटीवर ढकलले होते ते कळते.

नवी मांडणी करताना किती बदलावे, याचाही एक थोर नमुना आपल्याकडे आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद आणि भेसळ माजली होती. 1584 साली एकनाथांनी प्रती जमवून, पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात स्वतःची ओवी कोणी घालू नये अशी ताकीद दिली. वाचकाला मूळ ग्रंथ मिळावा म्हणून वरचे किटण काढणे, आणि काढताना स्वतःची छाप न सोडणे, अशी ती दुरुस्ती होती. संकेतस्थळाच्या मालकाने यातून एक फार व्यावहारिक गोष्ट उचलावी. नव्या मांडणीत जुन्या लेखांचे पत्ते मोडू नयेत. कोणी आपल्या वहीत, पुस्तकात, दुसऱ्या पानावर तो पत्ता लिहून ठेवलेला असतो. आंधळ्या वाचकाने तर महत्प्रयासाने एकदा सापडलेले पान खूण करून ठेवलेले असते. पत्ता बदलणे भाग असेल तर जुन्यावरून नव्याकडे वाट लावून द्यावी. पाणवठा दुरुस्त करताना जुनी पायवाट बुजवली तर नव्या घाटाचा ज्याला सर्वांत जास्त उपयोग, तोच चुकतो.

एका ठिकाणी मात्र हा सगळा विचार अवघड होतो, आणि ते ठिकाण म्हणजे छायाचित्र. प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन जोडता येते. ते पडद्यावर दिसत नाही, पण स्क्रीन रीडर ते वाचतो. वर्णन नसेल तर पुष्कळदा चित्राच्या फाइलचे नाव वाचले जाते. वारीच्या फोटोवर आलेल्या वाचकाला ‘आयएमजी’ आणि पुढे एक लांबलचक आकडा ऐकू येतो. वर्णन लिहायला बसले की प्रश्न सुरू होतात. ‘वारीचे छायाचित्र’ एवढे लिहिणे खरे आहे आणि निरुपयोगी आहे. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, तिच्या टाचांना पडलेल्या भेगा, मागे थांबलेला टँकर, यांतले काय सांगायचे? सगळे सांगितले तर वाचक थकतो, थोडे सांगितले तर त्याच्या वतीने आपण निवड करतो. यंत्राकडून वर्णन करून घेता येते, ते दिवसेंदिवस बरे होत आहे, पण आपण तो फोटो त्या लेखात कशासाठी लावला हे यंत्राला माहीत नसते. लेख वारकऱ्यांच्या पायांबद्दल असेल तर टाचा सांगायला हव्यात, पाण्याच्या सोयीबद्दल असेल तर टँकर. हा निर्णय साचा विकणाऱ्याला घेता येत नाही आणि निकषांच्या पुस्तकातही मिळत नाही. तो प्रत्येक फोटोपुढे बसून, एकेक वाक्य लिहून, पानाच्या मालकालाच घ्यावा लागतो. शंभर फोटो असतील तर शंभर वेळा.